ब्रेकची हवा काढताना

आमच्या बाळकुमच्या घरासमोर पाच वर्षं एक अमेरिकन गाडी उभी होती, आणि त्या पाच वर्षांत मी तिला घाबरले नाही असा दिवस गेला नाही. यातली पहिली तीन वर्षं ती जागची हललीसुद्धा नव्हती. बंद पडलेल्या गाडीला कसलं घाबरायचं, असं मला मी शिकवायचे त्या शाळेतल्या मैत्रिणी विचारायच्या. मला सांगता यायचं नाही.

माझे यजमान कोलशेतच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर होते. त्या कारखान्यात फार पूर्वी एक परदेशी इंजिनिअर आला होता, त्याने स्वतःसाठी ही गाडी बोटीने आणवली होती. लाल रंग, दोनच दारं, जेवणाच्या टेबलाएवढं बॉनेट, स्टिअरिंग डावीकडे आणि आत आठ सिलिंडरचं इंजिन. जाताना तो ती इथेच टाकून गेला. पुढे कुणीतरी पेट्रोल परवडेना म्हणून तिचं मूळ इंजिन उतरवलं आणि टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. मग तेही बंद पडलं. शेवटी कारखान्याने भंगार काढलं तेव्हा ह्यांनी ती गाडी घेतली आणि स्टोअरच्या कोपऱ्यात ताडपत्रीत गुंडाळलेलं तिचं मूळ इंजिनही शोधून काढलं. बैलगाडीवर ठेवलेलं ते इंजिन अंगणात आलं त्या दिवशी हे लग्नातल्यापेक्षा जास्त खुशीत होते.

आम्ही भाड्याने राहायचो. घरमालकीण कोळीण होती, साठीच्या पुढची, एकटी. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. अंगण त्यांचंच. एका बाजूला त्यांची सुकट वाळत पडायची, दुसऱ्या बाजूला चिंचेखाली पत्रे टाकून ही गाडी. त्यांनी एकच अट घातली होती. "माज्या सुकटीला त्या पेट्रोलचा वास लागला नं, तर गाडी खाडीत ढकलीन."

पहिली भीती मला इंजिनाची वाटली. जुनं डिझेल इंजिन काढून मूळचं बसवायचं होतं. ह्यांनी कारखान्यातून चेनकुप्पी आणली, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, आणि ती चिंचेच्या फांदीला बांधली. साखळी ओढली की ते काळं धूड इंचाइंचाने वर जायचं. मग ते हवेत लटकत असताना हे त्याच्याखाली वाकून नट शोधायचे. मी ओट्यावर लेकीला मांडीवर घट्ट धरून बसले होते. फांदी करकरली. "अहो, बाजूला व्हा," मी ओरडले. "काही होत नाही गं. चिंच आहे, चिवट असते," ते तिथूनच म्हणाले. खरंच काही झालं नाही. पण त्या करकरण्याचा आवाज माझ्या कानात बसला. पुढे शाळेत फळ्यावर लिहिताना खडू करकरला तरी मी दचकून वर बघायचे.

मग गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली आणि रविवार आला की हे तिच्याखाली जायचे. बाहेर फक्त पाय दिसायचे. मी स्वयंपाक करता करता दर पाच मिनिटांनी खिडकीतून ते पाय हलतायत का बघायची. हलले नाहीत तर काहीतरी निमित्त काढून हाक मारायची. "चहा टाकू का?" एका रविवारी मी सात वेळा चहाचं विचारलं. आठव्यांदा ते खालून म्हणाले, "अगं, मी जिवंत आहे."

एरवी ह्यांचा स्वभाव शांत. आवाज चढवणं माहीत नाही, भांडण झालं तर गप्प बसायचे. पण त्या गाडीखाली गेले की त्यांचा आवाज बदलायचा. पाना मागितला आणि मी चुकीचा दिला की "तो नाही. तो नाही म्हटलं ना!" असं एकदम तोडून. थोड्या वेळाने स्वतःच ओशाळायचे. तरीही मी त्या आवाजाला दबून असायचे. हे आज लिहायला सोपं जातंय, तेव्हा मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं ती दुपार मावशी मरेपर्यंत सांगत होत्या. ह्यांनी कार्ब्युरेटरमध्ये बाटलीने पेट्रोल ओतलं, चावी फिरवली, दोनदा खोकल्यासारखं झालं आणि मग जो आवाज आला त्याने वरचे पत्रे थरथरायला लागले. घरातली भांडी मांडणीवर वाजली. लेक माझ्या पदरात घुसली. हे सीटवर बसून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. मला मात्र एवढंच वाटलं की हे जनावर आता जागं झालं.

"आता ब्रेकचं बघायचं," ह्यांनी इंजिन बंद करून सांगितलं.

ब्रेकमध्येच सगळं अडलं. ब्रेकचा मुख्य सिलिंडर असतो, मास्टर सिलिंडर म्हणतात. आपण पेडल दाबलं की तो ऑइल नळ्यांमधून चारही चाकांकडे ढकलतो. त्या सिलिंडरच्या आतलं रबर कुजून भुगा झालं होतं. तसं रबर इथे कुठेच मिळेना. कुर्ल्याचं भंगार झालं, मुंबईतली पार्टची दुकानं झाली. शेवटी कुणीतरी विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरच्या एका गाळ्याचा पत्ता दिला. तिथला माणूस जुना नमुना बघून हुबेहूब रबर ओतून द्यायचा. हे दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा आले ते कागदाच्या पुडीत दोन काळ्या वाट्या घेऊन, बोटाच्या पेराएवढ्या. मला म्हणाले, "बघ, ओरिजिनलला मागे टाकेल." मी हातात घेऊन बघितल्या. मला त्यातलं काय कळणार.

रबर बसलं. पुढचं काम दोघांचं होतं. नळ्यांमध्ये हवा राहिली की ब्रेक लागत नाही, म्हणून ती काढावी लागते. एकाने आत बसून पेडल मारायचं आणि दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा नट सैल करायचा. ऑइलबरोबर हवा फसफसून बाहेर येते. मग नट घट्ट करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. चारही चाकांना. आमच्या घरात दुसरं माणूस मीच.

"मार... मार... मार... धर!" हे ओरडायचे. मी दाबून धरायचे. नट सैल झाला की पेडल तळाला जायचं. "बसलं," मी सांगायचे. "सोड," नट आवळून हे म्हणायचे.

पहिल्या रविवारी पेडल स्पंजासारखं लागत होतं. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी सकाळी ते बऱ्यापैकी कडक झालं. ह्यांनी चाकामागून विचारलं, "कसं आहे?"

"कडक आहे, पण खाली जातंय असं वाटतंय."

ते उठून आले, माझ्या पायाकडे बघत उभे राहिले. "धर बघू." मी धरलं. "तुझा पाय हलतोय. पेडल नाही हलत."

"नाही हो..."

"तीन रविवार झाले हे करतोय आपण!" आवाज तोच, तोडणारा. "नीट धर. नुसतं धरायचं आहे."

पुन्हा चारही चाकांची हवा काढली. बारा वाजून गेले. ऊन चढलं होतं, माझी पिंढरी दुखत होती. लेक भूक लागली म्हणून ओट्यावर पाय आपटत होती. ह्यांनी शेवटचा नट आवळला आणि खाली बसूनच विचारलं, "आता? कडक आहे ना?"

मी पेडल दाबलं. कडक होतं. दगडासारखं. आणि मग, मी पाय घट्ट रोवून धरलेला असताना, ते हळूहळू खाली जायला लागलं. खाडीच्या चिखलात उभं राहिलं की पाय जसा आपोआप रुततो ना, तसं. माझा पाय हलत नव्हता. मला पक्कं माहीत होतं की माझा पाय हलत नव्हता. मी सोडून पुन्हा दाबलं. पुन्हा कडक, पुन्हा तेच.

"काय गं?"

"कडक आहे," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. ते बोलताना मला हायसं वाटलं हेही सांगायला हवं. संपलं एकदाचं, आता भात टाकते, एवढंच डोक्यात होतं.

मला वाटलं होतं की गाडी आज रस्त्यावर जाणार नाही. अजून हॅन्डब्रेकची केबल बसायची होती. पण जेवण झाल्यावर हे शर्ट बदलून आले. "घोडबंदर रस्त्याने गायमुखपर्यंत जाऊन येतो. पाऊण तासात परत." आणि लेक नाचायला लागली, मीपण, मीपण. ती सहा वर्षांची. तीन वर्षांतल्या निम्म्या दुपारी त्या गाडीत बसून खोटंखोटं चालवण्यात तिने घालवल्या होत्या, तिला कोण नाही म्हणणार.

"तिला राहू दे," मी म्हणाले.

"का?"

आता सांग, आता तरी सांग, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. ह्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. तीन वर्षांत मी त्यांना इतकं उजळलेलं बघितलं नव्हतं.

"ऊन आहे," मी म्हणाले.

"गाडीला छप्पर आहे," ते हसून म्हणाले आणि लेकीला उचलून पलीकडच्या सीटवर बसवलं. इंजिन गरजलं. गाडी चिंचेखालून निघाली, कुंपणाच्या फटीतून जेमतेम बाहेर पडली, आणि कापूरबावडीच्या दिशेने गेली. आवाज बराच वेळ ऐकू येत होता. मग तोही गेला.

मी भांडी घासायला घेतली. एक ताट तीनदा घासलं. माझ्या उजव्या पायाला अजून ते पेडल खाली जाताना लागत होतं. पाऊण तास झाला. मी कुंपणापर्यंत गेले, परत आले. तास झाला. त्या वेळी घोडबंदर रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये एखादं गाव, आणि गुजरातकडून येणारे ट्रक. गायमुखपाशी एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वळणावळणाचा चढ-उतार. चढाची मला काळजी नव्हती. चढलेलं उतरावं लागतं, तिथे माझं मन जाऊन अडकत होतं. फोन आमच्याकडे नव्हता, आणि असता तरी कुणाला करणार होते?

सव्वा तास झाला तेव्हा मावशी सुकट उलटवता उलटवता थांबल्या. "काय गो बाय, कवाची बघतेय मी. सारखी जातेस न् येतेस."

"मावशी, ब्रेक..." मी खालीच बसले.

त्यांनी एवढंच विचारलं, "पोर हाय नं त्याच्यासंगं?" मी मान हलवली. त्यांनी हात लुगड्याला पुसले. "ऊठ. हितं बसून काय व्हनार नाय." त्यांच्या दिराचा मासळीचा टेम्पो मागच्या आळीत उभा असायचा. दीर दुपारचे झोपले होते. मावशींनी त्यांना हलवून उठवलं, आणि बनियनवरच गाडीत बसवलं. बर्फाच्या पाण्याने चिंब झालेल्या त्या टेम्पोत आम्ही तिघं पुढे दाटीवाटीने बसलो.

टेम्पो हळू चालतोय असं मला वाटत होतं, आणि वेगात गेला की पुढे काय दिसेल म्हणून हळू चालावा असंही वाटत होतं. मानपाड्याला चहाच्या टपरीपाशी समोरून आलेला एक ट्रक थांबला होता. दिरांनी ड्रायव्हरला विचारलं, लाल मोठी गाडी दिसली का.

"लाल गाडी? हाँ, वो उतार पे पड़ी है नीचे, खाड़ी की तरफ़. भीड़ है वहाँ."

"बच्ची थी उसमें?" मी विचारलं.

"वो तो नहीं देखा, बहनजी."

तिथून पुढची दहा-बारा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. मावशींनी माझं मनगट धरलं होतं, त्यांच्या बांगडीचा वळ दोन दिवस राहिला, यावरून मला ते माहीत. आणि मी देवाला काय बोलत होते ते आठवतं. माझा पाय घे, म्हणत होते. हाच पाय घे.

गर्दी दिसली. पंधरा-वीस माणसं. रस्त्याच्या कडेला दोन दगड उडालेले, गवत चिरडत गेलेले दोन पट्टे, आणि खाली तिवरांच्या झुडपात नाक खुपसून पडलेली ती गाडी, मागची चाकं अर्धी वर. मी टेम्पो थांबायच्या आधी उतरले आणि पडले. उठले तेव्हा समोर एका दगडावर लेक बसलेली दिसली. हनुवटीला कुणाचा तरी रुमाल बांधलेला, त्यावर रक्त. हातात अर्धा खाल्लेला पेरू.

"आई, आमची गाडी चिखलात बसली," ती म्हणाली.

मी तिला पोटाशी धरलं. तिचे हात, पाय, पाठ, डोकं सगळं चाचपलं. हनुवटी फाटली होती, बाकी काही नाही. मग हे खालून वर आले. गुडघ्यापर्यंत चिखल, अनवाणी, इस्त्रीचा शर्ट फाटलेला. माझ्यापासून चार पावलांवर थांबले, पुढे यायची हिंमत होत नसल्यासारखे.

"ब्रेक गेले," ते म्हणाले. "उतारावर पेडल एकदम तळाला गेलं. गिअर पाडले, तरी थांबेना. समोरून ट्रक येत होता, मग डावीकडे घातली."

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"पेडल खाली जात होतं. सकाळी. माझा पाय हलत नव्हता. मी खोटं सांगितलं."

मावशींनी लेकीला माझ्या हातातून घेतलं आणि लोकांना "चला चला, काय तमाशा हाय काय" म्हणत बाजूला नेलं. मला वाटलं आता तो आवाज येईल. तो यावा असंही वाटलं. पण ते खाली बसले, आणि हातांनी पायाचा चिखल निपटत राहिले.

लेकीला ठाण्याच्या सिव्हिलमध्ये तीन टाके पडले. संध्याकाळी घरी आलो. मावशींनी भात आणि सुकटीचं कालवण आणून दिलं, लेक जेवून झोपली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. चिंचेखालची जागा रिकामी होती, तिथे तेलाचा काळा डाग तेवढा होता.

"मानपाड्याला म्हशी आडव्या आल्या होत्या," हे अचानक बोलायला लागले. "तिथेच मला कळलं. पेडल धरलं तर खाली जात होतं. दोनदा मारलं की ब्रेक लागत होता. तिथून परत फिरता आलं असतं."

"मग?"

"डिपार्टमेंटमधले दोघं गायमुखच्या टपरीवर थांबले होते. गाडी बघायला. मी शनिवारीच सांगून ठेवलं होतं." ते थांबले. "जाताना काही झालं नाही. परत येताना उतार होता. पोरगी शेजारी होती, आणि मी... ते काय म्हणतील याचा विचार करत होतो."

मी त्या तेलाच्या डागाकडे बघत राहिले.

"आणि दुसरं. सकाळी तू कडक आहे म्हणालीस ना, तेव्हा तुझा आवाज मी ऐकला होता. तुला नीट वाटत नव्हतं हे मला कळलं होतं गं. पुन्हा विचारायला पाहिजे होतं. मी मुद्दाम नाही विचारलं. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मला ते नको होतं."

तेरा वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना दुसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा. या वेळी ते हसत नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात माया नव्हती. राग होता, त्यांच्यावर आणि माझ्यावर सारखाच. तो जायला बरेच महिने लागले.

दुसऱ्या दिवशी एका ट्रकला साखळी लावून गाडी वर काढली. समोरची जाळी आणि एक दिवा गेला होता, बाकी तिला फारसं काही झालं नव्हतं. ह्यांनी मास्टर सिलिंडर खोलला आणि मला हाक मारली. विठ्ठलवाडीच्या त्या काळ्या वाट्या ब्रेक ऑइलमध्ये फुगून मऊ पडल्या होत्या, कडा लोण्यासारख्या निघत होत्या. ते रबर त्या ऑइलला चालणारंच नव्हतं. बनवणाऱ्याला ठाऊक नव्हतं, ह्यांनी विचारलं नव्हतं.

पुढे सात-आठ महिने गाडीला कुणी हात लावला नाही. मग माझ्या मावसभावाने अमेरिकेहून येताना खरं रबर आणलं. हे म्हणाले, "बसवू का? तू नाही म्हणालीस तर नाही." मी दोन दिवस विचार करून हो म्हणाले. हवा काढायला पुन्हा मीच बसले. ह्यांनी घड्याळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि पाच मिनिटं पेडल दाबून धरायला सांगितलं. दोनदा मी "नाही, जातंय" म्हणाले, आणि दोन्ही वेळा त्यांनी एक शब्द न बोलता सगळं पुन्हा उघडलं. एकदा नळीचा जोड पाझरत होता. दुसऱ्यांदा काहीच नव्हतं, बहुतेक माझाच पाय होता. तरी त्यांनी उघडलं.

गाडी त्यानंतर वर्षभर चालली. मी तिच्यात बसायचे, दार आतून घट्ट धरून. लेकीला मात्र मी पुन्हा कधी तिच्यात बसू दिलं नाही, आणि तो विषय ह्यांनी कधी काढला नाही. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही डोंबिवलीला ब्लॉक घेतला. तिथे स्कूटर लावायला जागा मिळवताना मारामार, अशी गाडी कुठे ठेवणार? गॅरेज असलेल्या एका हौशी माणसाने ती नेली. तो नेत असताना हे घरात जाऊन बसले. मी बाहेर उभी राहिले.

भीती गाडीबरोबर जाईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. ह्यांची स्कूटर संध्याकाळी साडेसातला खाली यायची. पावणेआठ झाले की मी गॅलरीत. शेजारीण हसायची. एकदा ह्यांनी वर बघताना मला तिथे पकडलं. जिना चढून आले, चपला काढल्या, आणि काही न विचारता पाणी प्यायले. दुसऱ्या आठवड्यापासून उशीर होणार असला की ते कारखान्याच्या गेटवरून आमच्या बिल्डिंगखालच्या मेडिकलवाल्याला फोन करायला लागले. मेडिकलवाला दुकानाच्या पायरीवर येऊन वर बघत ओरडायचा, "वहिनी, वीस मिनिटं लेट आहेत!" सगळ्या बिल्डिंगला ऐकू जायचं. मला लाज वाटायची. पण मग मी आत जाऊन भात टाकायचे.